भिंतीवरची कातीण आणि रामनगरचे पाहुणे

न्हाणीत पाणी तापवायला गेलेली फुला दारातच थबकली. चुलवणाच्या वर, धुरानं काळ्या पडलेल्या भिंतीला कातीण बसली होती. शहरातली माणसं तिला कोळी म्हणतील, पण शहरातल्या माणसांनी असला कोळी बघितलाय कुठं! पाय पसरून बसली तर माणसाचा पंजा झाकेल एवढी थोरली, आणि पोटाशी चपटी, पांढरी अंड्यांची पिशवी कवटाळलेली. दुसरी कुणी असती तर घागर टाकून पळाली असती. फुलानं घागर हळूच खाली ठेवली, ओला हात पदराला पुसला आणि कमरेला खोचलेला मोबाईल काढला.

“हलू नगंस हं बाई. जरा पिशवी दिसू दे तुझी.”

कातीण हलली नाही. ही जात जाळं विणत नाही, भिंतीवर दबा धरून बसते आणि झुरळ दिसलं की झेपावते, हे फुलाला आता पाठ झालं होतं. चुलवणाच्या कडेवर एक पाय ठेवून तिनं दोन-तीन फोटो काढले. एका फोटोत तर कातिणीचे डोळेसुद्धा आले, ओळीनं मांडलेले. फुला खूश झाली. दिवसभरात तिला खूश करणारं दुसरं काही घडणार नव्हतं, हे तिला उठल्यापासून ठाऊक होतं.

लग्न होऊन आली तेव्हा हीच फुला असलाच कोळी बघून इतकी किंचाळली होती, की सासरे उमाजी काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं नाग निघाला. सासू रुक्मा पोट धरून हसली. “अगं, घरचं मानूस हाय ते! झुरळं खातंय बिचारं. तुझ्या खानापुरात काय माडीवर मोर नाचत हुते काय?”

मोर नसतील नाचत, पण खानापूरला बाजारगल्लीत फुलाचं माहेर होतं. दारातून पाय बाहेर टाकला की समोर बांगड्यांचं दुकान, बाजूला पिठाची गिरणी, आणि बोलायला गल्लीभर बायका. इथं काय? गुंद गावच्या रस्त्यापासून आत वळायचं, ओढा ओलांडायचा, भाताचं शेत मागं टाकायचं, तेव्हा कुठं सुपारीच्या बागेच्या पोटात उमाजींचं एकटं घर. शेजार म्हणायचा तर पलीकडच्या टेकडीला धूर दिसतो तो. दिवस कलला की बागेत गवे उतरायचे, अस्वलाचीही भीती, म्हणून कडी घालून आत बसायचं. पावसाळ्यात ओढा भरला की मग बोलायलाच नको. ‘रस्ता डांबरी व्हनार हाय, बस दारात येनार हाय,’ असं विनोदच्या मावशीनं लग्न जुळवताना शपथेवर सांगितलं होतं. त्या मावशीला फुला अजून मनातल्या मनात शिव्या घालायची.

आणि नवरा? नवरा गोव्यात, वेर्ण्याच्या कारखान्यात. महिन्या-दोन महिन्यांतून यायचा, दोन रात्री राहायचा आणि परत जायचा. बरं, माणूस वाईट असता तर एक वेळ सोसलं असतं. पण विनोद चांगला होता, हसरा होता, आणि त्यामुळंच तिचा जीव जास्त जळायचा. गावातल्या बायका भेटल्या की विचारायच्या, “काय गं, अजून काय न्हाई?” एकदा फुलाचं टाळकं सटकलं. “लेकरू काय पोस्टानं मागवू?” म्हणाली. तेव्हापासून त्यांनी तोंडावर विचारणं सोडलं आणि पाठीमागं बोलणं धरलं.

विनोद तिला न्यायला तयार होता. अडचण घरात होती. रुक्माचे दोन्ही गुडघे गेलेले. भिंत धरून चुलीपर्यंत जायची तेवढंच. म्हशी, शेण, पाणी, सुपारी सोलणं, सासऱ्यांचं आणि धाकटा दीर अक्षय याचं खाणंपिणं, सगळं फुलावर. तिला काढली तर घर बसलं. रुक्मा हे लपवायचीही नाही. “मी तुला डांबून ठेवलंय, कळतंय मला,” ती सरळ म्हणायची. “पन अक्षयची बायकू ह्या उंबऱ्याच्या आत आली, की तू बाहेर. देवासमोर सांगते. मग मी एक दिस बी अडवनार न्हाई.” आणि रुक्मा शब्दाची पक्की बाई होती. त्यामुळं अक्षयच्या लग्नाची घाई अक्षयपेक्षा फुलाला जास्त होती.

पण जंगलातल्या घरात पोरगी देतो कोण! बाग आहे, भात आहे, दूधदुभतं आहे, पोरगा तंबाखूसुद्धा खात नाही, सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, “घर रोडला लागून हाय काय?” संपलं. नंदिगड्ड्याची एक नाही म्हणाली, हल्याळची एक नाही म्हणाली, आणि एक तर घर न बघताच ओढ्यावरून मागं फिरली. त्या दिवशी पाहुण्यांसाठी केलेला शिरा फुलानं म्हशीला घातला.

मोबाईल विनोदनं दिला होता, करमणुकीला. करमणूक कसली! रेंज लागायची ती गोठ्यामागच्या उंचवट्यावर, तीही आभाळ मोकळं असेल तर. मग फुला घरातच बघायला लागली, आणि बघते तर घरात माणसांपेक्षा कोळी जास्त. तांदळाच्या कणगीमागं एक, देवाच्या तसबिरीमागं एक, छपराच्या वाशाला एक. बागेत दोन पोफळींच्या मधे जाळं बांधून बसलेली ती काळी-पिवळी तर सगळ्यांत थोर. तिचं जाळं उन्हात पिवळंधमक दिसायचं, आणि चुकून तोंडावर आलं तर ओढून काढावं लागायचं. त्याच जाळ्याच्या कडेला नखाएवढा तांबूस नर जीव मुठीत धरून बसलेला असायचा. फुला फोटो काढायची, संध्याकाळी उंचवट्यावर जाऊन स्टेटसला ठेवायची आणि खाली काहीबाही लिहायची. ‘आमच्या बागेतल्या बाईसाहेब आणि त्यांचे यजमान.’ माहेरच्या मैत्रिणी ‘ई’ म्हणायच्या. म्हणेनात का! कुणीतरी बघतंय, एवढं तिला पुरत होतं.

दसरा झाला आणि रामनगरहून निरोप आला. गणपती नावाचे किराणा दुकानदार, मूळचे खानापूरकडचेच. त्यांची मुलगी मयूरी शिक्षण संपवून दुकानात बसायची. अक्षयचा फोटो त्यांना पसंत पडला होता, घर बघायला येतो म्हणाले. मयूरीच्या आईनं बोलायला म्हणून फुलाचा नंबर मागून घेतला. ‘घरातल्या बाईशी बोललेलं बरं असतंय,’ म्हणाली. फुला तिच्याशी इतकं गोड बोलली, की फोन ठेवल्यावर तिचं तिलाच हसू आलं. रस्ता डांबरी होणार आहे, हेसुद्धा सांगून मोकळी झाली.

त्यानंतरही तिचे रोजचे फोटो चालूच राहिले, बाईसाहेब आणि यजमानांचाही परत एकदा झाला. न्हाणीतल्या कातिणीचा फोटो तिनं ठेवला तो त्यातच, सवयीनं, काही मनात न आणता. खाली लिहिलं, ‘आमच्या न्हाणीची मालकीण. सध्या बाळंतपणाच्या रजेवर.’

दुसऱ्या दिवशी अक्षय जोयड्याच्या बाजारातून आला तो अंगणातूनच ओरडत. “वैनी! काय ठेवलंय तुम्ही स्टेटसला?”

“कातीण. का?”

“का म्हनं! मयूरीच्या आईच्या मोबाईलात तुमचा नंबर हाय. तिकडं अख्ख्या दुकानानं बघितलं! तिच्या बाबांनी मला फोन करून विचारलं, ‘व्हय रे, तुमच्या घरात असलं फिरतंय काय?’ काय सांगू मी त्येंना?”

फुलाला आधी आठवला तो रुक्माचा शब्द. हे मोडलं तर अक्षयला कधीतरी दुसरी मिळेल. पुरुषाची जात, थांबेल. आपलं काय? आपल्याच हौसेनं आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला! तिकडं रुक्मानं सोप्यावर बसून जे तोंड सोडलं ते दिवेलागणीपर्यंत. “दुसरं काय दिसलं न्हाई तुला फोटू काढायला? बाग हाय, म्हशी हायत, मी हाय! कातिणीचं बाळंतपन दाखवायलीस जगाला!” फुला एका शब्दानं उलटून बोलली नाही. ती उंचवट्यावर पळत गेली आणि होतं नव्हतं ते सगळं काढून टाकलं.

पाहुण्यांनी मात्र नाही म्हणून कळवलं नाही. रविवारी येणारच म्हणाले.

मग घरात साफसफाई निघाली. लांब काठीला केरसुणी बांधून फुलानं जाळं न जाळं ओढलं. ज्यांना नावं ठेवून फोटो काढले त्यांनाच झोडपताना तिला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून कसं चालेल? बागेतल्या वाटेवरचं ते पिवळं जाळंही तिनं तोडलं. काळी-पिवळी एका धाग्याला धरून वर गेली आणि झावळीत शिरली. न्हाणीतल्या अंडीवालीला मात्र तिच्यानं मारवेना. तिनं तिच्यावर प्लॅस्टिकची बरणी पालथी घातली, खालून पुठ्ठा सारला आणि उचलून लाकडांच्या खोपीकडं निघाली. बरणीत कातीण पाय मारत गोल गोल फिरत होती, एक क्षण थांबेना. फुलाला ते बघवलं नाही. तिनं अर्ध्या वाटेतच पुठ्ठा काढायला घेतला होता, पण रुक्मा दारात उभी होती. “जा बाई,” खोपीत बरणी उघडून फुला म्हणाली, “तुझं तरी सुटलं.”

त्या दिवशी ती विनोदशी बोलली. त्याला रजा नव्हती, पण त्याच्यासोबतचा एक जण खोली सोडून गावी चालला होता. “त्याची खोली आपल्याला बोलून ठेवतो,” विनोद म्हणाला. “स्वयंपाकाच्या ओट्यापाशी खिडकी हाय. खाली मोठा रस्ता.”

“गाड्या दिसतात?”

“रात्रंदिवस. झोप येनार न्हाई तुला.”

“न्हाई आली तर न्हाई आली,” फुला म्हणाली, आणि तिला एकदम रडूच आलं. विनोद पलीकडून हसत राहिला. त्याला वाटलं ती खोकतीय.

रविवारी रामनगरची जीप ओढ्यापाशी थांबली आणि माणसं चालत आली. गणपती, त्यांची बायको, एक म्हातारे काका आणि मयूरी. मयूरीच्या चपला हातात होत्या, पाय चिखलानं माखले होते, आणि चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. फुलानं पाय धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला. सोप्यावर घोंगडी अंथरली होती. पोहे आले. उमाजी बागेचं सांगत होते, गणपती मान हलवत होते, अक्षय नवा शर्ट घालून खांबासारखा ताठ बसला होता. फुला चहाचं ताट घेऊन बाहेर आली आणि तिला दिसलं. गणपतींच्या डोक्याच्या वर, वीतभर अंतरावर, भिंतीला कातीण. तीच. पोटाशी पांढरी पिशवी. खोपीतून घरात कशी आली ते तिचं तिलाच माहीत.

फुलानं अक्षयकडं बघितलं. अक्षयनं भिंतीकडं बघितलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला. रुक्मानं बघितलं. उमाजींनी बघितलं आणि ते भाताच्या रोगाबद्दल मोठमोठ्यानं बोलायला लागले. घरच्या चौघांनाही दिसलं होतं, आणि भिंतीकडं बघायचं नाही म्हणून चौघंही गणपतींच्या तोंडाकडं असे एकटक बघत राहिले, की गणपतींनी मिशीला पोहे लागलेत काय म्हणून दोनदा हात फिरवला.

कातीण जरा खाली सरकली. फुला मनात म्हणाली, संपलं. आता हा माणूस मागं टेकणार, ती ह्याच्या खांद्यावर उतरणार, हे सगळे उठून जाणार, आणि मी ह्या घरात शेणाच्या पाट्या उचलत मरणार. तिनं चहाचं ताट खाली ठेवलं.

“बाबा, हलू नका,” मयूरी म्हणाली.

ती उठली, पर्समधून मोबाईल काढला, बापाच्या खांद्यावर हात ठेवून वाकली आणि तिनं फोटो काढला. नीट आला का ते बघितलं. मग फुलाकडं वळून विचारलं, “न्हाणीची मालकीण ती हीच काय?”

मयूरीच्या आईनं तोंडाला पदर लावला. गणपती बाजूला सरकले, पण दुकानदार माणूस, बिचकलेलं दाखवलं नाही. “असू दे, असू दे. आमच्या गोदामात बी असतात. एवढी थोरली नसतात,” म्हणाले. रुक्मानं इतका वेळ धरलेला श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला. कातीण तुरुतुरु वाशामागं निघून गेली.

“मला घर बघायचंय,” मयूरी म्हणाली. “वैनी दाखवतील.”

फुलानं तिला माजघर दाखवलं, चूल दाखवली, न्हाणी दाखवली आणि मग बागेत घेऊन गेली. वाटेवर तोडलेलं ते पिवळं जाळं परत विणून झालं होतं, होतं तेवढंच मोठं, आणि काळी-पिवळी मधोमध बसली होती. फुला मनात चरफडली. मयूरी मात्र त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. 

“मला यायचं नव्हतं वैनी,” मग ती म्हणाली. “आईला सांगून ठेवलं होतं, बघून येऊ आणि नाही म्हणू. जंगलात कोण राहणार! दुकानात दिवसभर माणसं असतात, पण तेल, साखर, साबण ह्यापलीकडं कोण बोलत नाही माझ्याशी. इथं तर तेवढंही नसणार. मग आईच्या मोबाईलवर तुमचे फोटो बघितले. आईला आधी कळलंसुद्धा नाही, मीच बघायचे रोज. तो यजमानांचा फोटो बघून एवढी हसले, की गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे द्यायचे विसरले. म्हटलं, असल्या घरात बसून जिला हे सुचतंय, ती बाई तिथं सुखात असणार. दुःखी माणसाला कुठलं सुचायला?”

सुखात! फुलाला हसूही आलं आणि रडूही. तिनं दोन्ही गिळलं.

“खरं सांगा. करमतंय इथं?”

आता बघा, इथं फुलाला खरं बोलता आलं असतं. तिच्या जिभेवर आलंही होतं. पोरी, पळ, ओढा ओलांड आणि मागं वळून बघू नगंस, असं सांगावं. पण त्याच्या पाठोपाठ वेर्ण्याची खोली आली, गाड्यांचा रस्ता आला, विनोदचं हसणं आलं. “सुरवातीला जड जातंय,” ती म्हणाली. “मग हुतीय सवय.” हे धड खरं नव्हतं आणि धड खोटंही नव्हतं.

“तुम्ही असाल न्हवं पण? मोठे भावजी गोव्यात असतात म्हणून ऐकलं. तुम्ही तिकडं जाणार असाल तर तसं सांगा मला. एकटी मी नाही राहू शकणार, मला माहीत आहे. दोघी असलो तर राहीन. मजेत राहीन.”

फुलानं मनात हिशेब घातला. जाणार म्हणून सांगितलं, तर ही आत्ता घरात जाऊन नाही म्हणणार. आणि ही नाही म्हणाली तर आपण कसल्या जातोय! एकदा हिला उंबऱ्याच्या आत येऊ दे. महिनाभर राहू, दोन महिने राहू, हिला म्हशींची सवय करून देऊ, रेंजची जागा दाखवू. मग जाऊ. रडेल चार दिवस. आपण नाही रडलो? आपल्याला तरी कोणी खरं सांगितलं होतं?

“हाय की,” फुला म्हणाली. “मी कुठं जाती? हितंच हाय मी.”

मयूरीनं तिचा हात घट्ट धरला. “अक्का म्हणू तुम्हाला?”

“म्हन की.”

फुलाला स्वतःची लाज वाटली, खूप वाटली. आणि त्याच वेळी आपण सुटलो ह्या आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरेनात. घराकडं परतताना ती जवळजवळ पळतच होती, मयूरीला म्हणावं लागलं, “अक्का, हळू.”

सोप्यावर आल्यावर मयूरी आईच्या कानाशी लागली, आई गणपतींच्या कानाशी लागली. गणपतींनी घसा खाकरला.

“उमाजीराव, पोरीला पसंत हाय.”

रुक्मानं देवाकडं बघून हात जोडले. अक्षय लाजून गोठ्याकडं निघाला होता, त्याला उमाजींनी दंडाला धरून खाली बसवला. मग त्यांनी पानाचं तबक पुढं ओढलं आणि त्यातली एक अख्खी सुपारी उचलली, बागेतली, निवडून ठेवलेली. ह्या घरांतली रीत अशी, की दोन्हीकडच्या माणसांसमोर बोलणी सांगायची, सगळ्यांनी व्हय म्हणायचं, आणि मग अडकित्त्यानं सुपारी फोडायची. फुटेपर्यंत काय ते बोला, भांडा, पाहिजे तर उठून जा. फुटली, की त्या बोलण्यातला एक शब्द मागं घ्यायचा नाही. घेतला तर त्या घराला परत कोणी पोरगी देत नाही आणि त्या घरची कोणी करत नाही.

“देण्याघेण्याचं आमचं कायबी न्हाई,” गणपती म्हणाले. “तुळशीचं लगीन झालं की तारीख धरा. माझं एकच बोलनं हाय. आमची पोर मानसांत वाढलीया, हितं एकटी पडायला नगं. तुमची थोरली सून हितंच ऱ्हानार हाय, असं तिनं आपल्या तोंडानं मयूरीला सांगितलंय. तेवढं बोलण्यात धरा. मयूरी हाय तोवर फुला हाय. मग फोडा सुपारी.”

 म्हातारे काका, “रास्त हाय,” एवढंच म्हणाले.

रुक्मानं मान वळवून फुलाकडं बघितलं. फुलानं हे का सांगितलं असेल, ते तिला त्या एका नजरेत कळलं. उमाजींच्या हातात अडकित्ता उघडाच राहिला. त्यांनी विचारलं, “फुला, तू असं म्हनालीस?”

सगळे तिच्याकडं बघत होते. मयूरी हसत होती.

फुलाचं डोकं भराभर धावलं. म्हणाले नाही म्हणून सांगावं, तर मयूरी चारचौघांत खोटी पडते, पाहुणे उठून जातात, अक्षय बिनलग्नाचा राहतो आणि आपण इथंच. म्हणाले म्हणून सांगावं, तर मयूरी येते, आणि तरीही आपण इथंच. थोडे दिवस राहते म्हणावं, तर थोडे म्हणजे किती, असं हा दुकानदार विचारणार, आणि मयूरीचं हसू तिथंच विरणार. दुसरं काही सुचेना. 

तिनं रुक्माकडं बघितलं. रुक्मा एक वाक्य बोलली असती, ‘तिला नवऱ्याकडं धाडायचं मी कबूल केलंय’, एवढं जरी म्हणाली असती, तरी फुला तिच्या पाया पडली असती. पण रुक्मा अक्षयचीही आई होती. तिनं मान खाली घातली आणि गुडघा चोळायला लागली.

“व्हय मामा,” फुला म्हणाली. “मी म्हनाले.”

सुपारी फुटली. एक खांड उमाजींनी गणपतींना दिलं, एक स्वतः तोंडात टाकलं. बायकांनी एकमेकींना कुंकू लावलं. मयूरीनं वाकून सगळ्यांना नमस्कार केला, फुलालाही केला. रुक्मा भिंत धरून उठली, आतून साखरेची वाटी घेऊन आली आणि नव्या सुनेआधी फुलापाशी येऊन थांबली. 

“तोंड उघड,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी आडवलं न्हाई गं तुला. तूच म्हनालीस.” तिचे डोळे भरून आले होते.

फुलानं तोंड उघडलं.

पाहुण्यांना ओढ्यापर्यंत पोचवून ती गोठ्यामागं उंचवट्यावर गेली, तेव्हा ऊन अजून होतं. मोबाईल वाजला तो तिथं पोचल्या पोचल्या. विनोद सकाळपासून लावत असणार.

“ठरलं?”

“ठरलं.”

“सुपारी फुटली?”

“फुटली.”

तिकडून असा ओरडा आला, की तिनं फोन कानापासून लांब धरला. तो कारखान्यात कुणाकुणाला हाका मारून सांगत होता, माझी बायको येतीय रे, लग्न झालं की येतीय. कुणीतरी त्याची टिंगल केली, तो खदाखदा हसला. मग परत फोनवर येऊन घाईघाईनं बोलायला लागला. आजच दुकानात जातो म्हणाला, गॅसची शेगडी बघून ठेवलीय, फक्त तेवढं सांग, दोघांपुरती एका बर्नरची चालेल की दोनची घेऊ?

फुलानं पदरानं तोंड पुसलं.

“दोनची घे,” ती म्हणाली.